तराफ्याच्या पोटावर पाच बोटं

तलावावरच्या नावाड्याचा निरोप एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. तराफा डावीकडे कलला होता. निरोप आणणाऱ्या सायकलवाल्याला याहून जास्त माहिती नव्हती. माझा थोरला भाऊ तेव्हा इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानामागे बसून पातेल्याचा काठ वळवत होता. त्यानं हातोडी खाली ठेवली, पातेलं तसंच सोडलं आणि सायकल काढली. माझी वर्तमानपत्रातली पाळी दुपारी तीनला सुरू व्हायची, म्हणून मीही निघालो. वाटेत भाऊ एकदाच बोलला. किती कलला ते निरोपात यायला पाहिजे होतं, एवढंच.

तराफा म्हणजे दोन लांब, बंद ढोल आणि त्यांच्यावर सागवानी फळ्यांचा मजला. ढोल सोळा गेजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, चौदा फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळते. रविवारी तलावावर येणाऱ्या कुटुंबांना त्यावर बसवून एक फेरी मारायची, एवढंच त्याचं काम. आधीचा लाकडी तराफा कुजला होता. तलावाचं काम पाहणाऱ्या इंजिनीअरसाहेबांनी भावाच्या हातचं काम कुठेतरी पाहिलं होतं. त्यांनी एक तराफा करायला सांगितला आणि एक अट घातली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला तर आणखी चार.

ते चार आमच्या घरात फार मोठे होते. आमचं घर विणकरांचं. वडील गेल्यावर दोन वर्षांनी शेवटचा हातमागही विकला गेला. भाऊ मागावरून उठून भांड्यांच्या कामात शिरला, पण दुकान दुसऱ्याचं होतं. भिलाईच्या मामांनी त्याच्यासाठी कारखान्यात जागा पाहून ठेवली होती आणि जूनच्या आधी काय ते कळव असं लिहिलं होतं. भावाला जायचं नव्हतं. हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. चार तराफे मिळाले तर मागाच्या रिकाम्या खोलीत स्वतःचं काम सुरू करायचं. नाही मिळाले तर भिलाई.

आम्ही पोचलो तेव्हा नावाडी काठावर उकिडवा बसला होता. जातीचा ढिवर, साठीच्या पुढचा, बोलायला सावकाश. भावाला पाहून तो उठला नाही. डाव्या ढोलावर त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केली, मग उजव्यावर केली. रिकाम्या ढोलाचा आवाज लांबतो. पाणी शिरलेल्याचा लगेच बसतो. दोन्ही आवाज ऐकू आले.

"डावा पेला," नावाडी म्हणाला. "उजवा बी पिऊन राहिला, पण त्याले अजून चढली नाई."

भाऊ हसला नाही. त्यानं स्वतः दोन्हीकडे ठोकून पाहिलं. मग मजल्यावर चढला, उतरला, पुन्हा ठोकलं. त्या दिवसापासून पुढचा सव्वा महिना घरात कोणी एका जागी धड बसलं नाही.

तराफा करताना भावानं सगळ्यात जास्त विचार रंगाचा केला होता. नुसतं अ‍ॅल्युमिनियम तलावाच्या पाण्यात सोडलं की चार-सहा महिन्यांत त्याच्यावर पांढरी भुकटी येते, मग काळे डाग, मग खड्डे. साहेबांच्या खात्याला हिरवा ऑइलपेंट हवा होता. भाऊ नको म्हणाला. दुकानात पितळेच्या शोभेच्या वस्तूंवर लॅकरचा पारदर्शक लेप चढवायची पद्धत होती. तोच ढोलांवर द्यायचा असं त्यानं ठरवलं. त्याचं कारण त्यानं साहेबांना तोंडी सांगितलं होतं आणि मला ते जसंच्या तसं आठवतं. रंगाखाली पत्र्याचं काय चाललं ते दिसत नाही, लॅकरखाली दिसतं. डाग पडायला लागला की लगेच कळेल, वेळेवर दुरुस्त करता येईल.

साहेबांना ते पटलं होतं.

ढोल आम्ही पाण्याबाहेर काढले. नट उघडून मजला वेगळा केला, पाणी उपसलं, दोन दिवस उन्हात वाळवले. भावाला संशय होता सांध्यांचा. अ‍ॅल्युमिनियमला गॅसचं वेल्डिंग करताना एक पांढरी पूड वापरतात. ती गरम पाण्यानं घासून काढली नाही तर मागे राहून पत्रा खाते. त्यानं तीनदा घासली होती, तरी चौथ्यांदा का नाही घासली हे तो मला दोन दिवस विचारत होता. उत्तराची त्याला गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यानं ढोल उपडा टाकला, पाणी उपसायच्या भोकाला सायकलचा पंप लावला आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस चोपडला. मी हवा भरत होतो. सांधे शांत होते. एकही बुडबुडा नव्हता. भाऊ वरून खाली, खालून वर फेस लावत गेला. बुडबुडे आले ते सांध्यापासून वीतभर दूर, पोटाच्या मधोमध, जिथे पत्रा अखंड होता तिथे. आधी एक. मग त्याच्या बाजूला तीन, एका ओळीत. पाचवा जरा खाली, बाजूला.

भावानं ओल्या फडक्यानं ती जागा पुसली. तिथे लॅकर फुगून निघालं होतं आणि त्याच्याखाली पत्रा चाळणीसारखा झाला होता. छिद्रं सुईच्या टोकाएवढी. दुसऱ्या ढोलावरही पोटावर त्याच जागी लॅकर फुगलेलं होतं. तिथे छिद्रं दोनच झाली होती.

"पत्राच खराब असन," नावाडी म्हणाला.

भाऊ फडकं पिळत राहिला.  ती पाच ठिकाणं कशाची आहेत हे मला पहिला बुडबुडा फुटला तेव्हाच कळलं होतं.

आदल्या वर्षी चैत्रात माग विकला. तो गेल्यावर लांबट खोली रिकामी झाली. मागाखालचा खड्डा भरून घेतला आणि पावसाळ्यात भावानं तिथे ढोल केले. चौदा फुटांहून मोठे त्या खोलीत मावलेच नसते. दसऱ्याच्या आत दोन्ही तयार होऊन, थिनरनं पुसून, लॅकरसाठी लाकडी घोड्यांवर उपडे ठेवलेले होते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी काम बंद. आई लग्न होऊन आली तेव्हापासून दर वर्षी मागाच्या तुळईवर तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाची पाच बोटं उमटवायची. त्या वर्षी ती ताट घेऊन खोलीत आली तेव्हा तुळई नव्हती. ती ताट घेऊन थोडा वेळ दारात उभी राहिली. मग पुढे झाली आणि दोन्ही ढोलांच्या पोटावर, हात पोचला तिथे, पाच-पाच बोटं उमटवली. फूल वाहिलं, हात जोडले आणि स्वयंपाकाला गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लेप द्यायचा होता. भाऊ लॅकर आणायला गेला आणि जाताना मला सांगून गेला की ढोल पुन्हा एकदा थिनरनं पुसून ठेव, हाताचा डागसुद्धा राहायला नको. मी पुसले. आईच्या बोटांच्या भोवती पुसले. बोटं पुसली नाहीत. माग जाऊन पहिलाच दसरा होता आणि ती खूण पुसायला फडकं पुढे होईना. भाऊ आला. आम्ही दोघांनी कुंचे घेतले आणि लेप दिला. बोटांच्या खुणांवरूनही दिला. वाळल्यावर त्या काचेखाली ठेवल्यासारख्या दिसायला लागल्या. शेजारचे लोक पाहून गेले. ढोल उलटून पाण्यात गेले तेव्हा त्या खुणा पाण्याखाली गेल्या आणि सहा महिने कोणाला दिसल्या नाहीत. सगळ्या तराफ्यावर लेपाखालचा पत्रा दिसत नव्हता अशी जागा तेवढीच होती.

इतवारीत कुंकू तयार करून विकणारा एक म्हातारा होता. पाळीवर जाण्याआधी मी त्याच्याकडे गेलो आणि कुंकवात काय असतं ते विचारलं. हळद, चुना आणि पापडखार, असं तो म्हणाला. कशाला पाहिजे, असंही त्यानं विचारलं. चुना आणि अ‍ॅल्युमिनियम जमत नाहीत हे आमच्या गल्लीत कोणालाही माहीत होतं. चुना भिजवायला कोणी अ‍ॅल्युमिनियमचं घमेलं घेत नाही, तळ गळून जातो. तेलामुळे लॅकर पत्र्याला धरलं नाही, फटीतून पाणी शिरलं आणि चुन्यानं आपलं काम केलं. हिशेब सरळ होता. तो मला तीन दिवस कोणाला सांगता आला नाही.

ते तीन दिवस मी कामावर नीट नव्हतो. एका बातमीत माझ्याकडून तारीख चुकली, मुख्य उपसंपादकांनी ती पकडली. घरी भाऊ जेवताना मध्येच उठायचा, हात धुऊन ढोल पाहून यायचा. दोन्ही ढोल हातगाडीवर घालून आम्ही पुन्हा मागाच्या खोलीत आणले होते. आईला सांगितलं होतं की वर्षातून एकदा असं करावंच लागतं. तिनं विचारलं नाही. मामांचं दुसरं पत्र आलं. भावानं ते वाचून देव्हाऱ्याच्या मागे ठेवलं.

चौथ्या दिवशी साहेबांचा माणूस कागद घेऊन आला. तराफ्याला गळती का लागली याचा लेखी खुलासा आठ दिवसांत पाहिजे होता. लिहिणारा घरात मीच होतो. भाऊ समोर बसला, मी कागद घेतला आणि एक वाक्य लिहून त्याला वाचून दाखवलं. लेप चढवण्यापूर्वी पृष्ठभागावर बाह्य पदार्थ राहून गेल्याने लेप पत्र्यास धरला नाही.

"बाह्य पदार्थ म्हणजे काय?" भावानं विचारलं.

मी सांगितलं. खंडेनवमी, थिनर, फडकं, सगळं एका दमात सांगितलं. त्यानं मध्ये थांबवलं नाही.

"म्या पाह्यलं होतं," तो म्हणाला. "लॅकर घेऊन आलो तवाच पाह्यलं. मले वाटलं, तू पुसशील. तुले वाटलं असन, मी पुसन."

"मंग तू काहून नाई पुसलं?"

"तू काहून नाई पुसलं?"

 मग तो कागदाकडे बोट करून म्हणाला की बाह्य पदार्थ खोड, हळदीकुंकू लिही. मी म्हणालो, कार्यालयात हसतील. तो म्हणाला की पत्रा खराब होता असं लिहिलं तर पुढच्या चारांनाही हाच पत्रा नको म्हणतील, लॅकर खराब होतं असं लिहिलं तर हिरवा पेंट मारायला लावतील. पत्रा चांगला आहे आणि लॅकरही चांगलं आहे. चूक आपली आहे, तीच लिही.

मी लिहिलं. अकरा ओळींचा खुलासा झाला. माझ्या नोकरीत मी लिहिलेल्या कुठल्याही मजकुराला इतका वेळ लागला नसेल.

साहेबांनी तो आमच्यासमोर दोनदा वाचला. भाऊ उभा होता, मी दाराशी होतो. साहेब मोजकं बोलणारे, शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध. वाचून झाल्यावर त्यांनी टेबलावरचं मोजपट्टीचं गोल खोकं हातात घेतलं आणि फिरवलं. त्याच्या मागच्या बाजूला वाळलेल्या कुंकवाचा ठिपका होता. त्यांनी तो अंगठ्याच्या नखानं खरवडून पाहिला.

"हे पोलादाचं आहे," ते म्हणाले. "म्हणून वाचलं."

मग त्यांनी मुदत दिली. दुरुस्ती करून तराफा पंधरा दिवस पाण्यात ठेवायचा. सोळाव्या दिवशी ते स्वतः येतील. पाण्याचा थेंब आत सापडला तर खुलासा पुन्हा नको.

ठिगळं बसवायला चार दिवस लागले. चाळण झालेला पत्रा कापून काढायचा, मापाचा तुकडा बसवायचा, वेल्डिंग करायचं, पूड घासून काढायची. ते सगळं झालं तेव्हा मे उजाडला होता आणि खरी अडचण तिथे आली. जुनं लॅकर काढून, थिनरनं पुसून, दुपारी सावलीत भावानं पहिला कुंचा मारला. कुंचा हातभर गेला आणि अडकला. लॅकर लावता लावता वाळत होतं. त्याचे तंतू ओढले जात होते, वर बारीक फोड येत होते. मागाच्या खोलीवर टिनाचं छप्पर, बाहेर उन्हात उभं राहवत नव्हतं. त्यानं थिनर वाढवून पाहिलं. ओलं फडकं छपरावर टाकून पाहिलं. संध्याकाळी पुन्हा करून पाहिलं, तर टिन दिवसभराची आग ओकत होतं. तीन वेळा लेप दिला आणि तीन वेळा खरवडून काढला. नुसता वेळ गेला असता तर चाललं असतं, पण लॅकर संपत आलं होतं. त्यानं कुंचा भिंतीवर आपटला.

आई दारात उभी होती. किती वेळ होती ते माहीत नाही.

"काय करून राहिले तुमी?" तिनं विचारलं.

भावानं सांगितलं की लेप वाळून राहिला, पसरत नाही. आई आत आली. ढोलाभोवती फिरली. ठिगळापाशी थांबली. तिथे ठिगळ का लावलं असं तिनं विचारलं. मी म्हणालो, पत्रा पातळ होता. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या ढोलाकडे गेली. तिथेही पोटावर त्याच जागी ठिगळ होतं. तिनं हात वर केला आणि ठिगळाला न लावता, जरा अंतरावर, पंजा उघडा धरला. मग खाली घेतला.

"माह्या बोटानं झालं काय गा हे?"

भाऊ हो म्हणाला. कुंकवात चुना असते, माय. तो पत्र्याले खाते.

आई खाली वाकली. भिंतीवर आपटून पडलेला कुंचा तिनं उचलला, पदरानं पुसला.

"मंग मले सांगाचं न," ती म्हणाली. "फळीवर लावलं असतं. देव काय पत्र्यातच राह्यते?" आणि त्याच आवाजात, लगेच पुढे, "अन् हे भर दुपारी काहून लावता? खळ कवा लावत होतो आपण?"

ताण्याला खळ लावायचं काम आम्ही दोघांनीही लहानपणापासून पाहिलं होतं. विणायच्या आधी सुताचा ताणा गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणायचा आणि त्याला पेजेची खळ कुंच्यानं लावायची. ऊन चढलं की खळ सुतावरच सुकते, धागे चिकटतात, तुटतात. म्हणून ते काम उजाडायच्या सुमारास सुरू व्हायचं आणि ऊन गल्लीत उतरायच्या आत संपायचं. वडील एका बाजूनं, आई दुसऱ्या बाजूनं. कुंचा एकाच दिशेनं ओढायचा, मध्ये उचलायचा नाही, परत फिरवायचा नाही. हे मला आठवत होतं. भावालाही आठवत होतं. लॅकर डब्यातून येतं म्हणून असेल, पण ते खळीचंच भावंड आहे हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ढोल गल्लीत आणले. पत्रा हाताला गार लागत होता. आईनं पदर खोचला, कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, कोरडे केले आणि आम्हालाही धुवायला लावले. भाऊ एका बाजूनं, आई दुसऱ्या बाजूनं निघाली. मी डबा धरून मधून चाललो. तिचा कुंचा चौदा फूट न थांबता गेला. भावाचा दोनदा थांबला. "हात नाई, पाय चालव," ती म्हणाली. तो तिच्या चालीनं चालायला लागला. सात वाजता ऊन समोरच्या घराच्या भिंतीवर आलं तेव्हा दोन्ही ढोलांवर पहिला लेप झाला होता. फोड नव्हते, तंतू नव्हते. पत्रा होता तसा दिसत होता, फक्त ओला असल्यासारखा. दुसऱ्या पहाटे दुसरा लेप दिला. शेजारणी दारातून पाहत होत्या. एक जणी म्हणाली, माग गेला पण बाई काही बसली नाही. आईचा कुंचा चालू होता.

तराफा पाण्यात गेला. पुढचे पंधरा दिवस भाऊ रोज सकाळी सायकलनं तलावावर जायचा. पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही ढोल ठोकले. दुसऱ्या दिवशी नावाड्यानं त्याला हात लावू दिला नाही. लेकराले सारखं उठवलं का ते आजारी पडते गा, असं म्हणाला. मग भाऊ काठावर बसून दुरून पाहायचा आणि दुकानात उशिरा पोचायचा. घरी रात्री जेवताना तो ताटावर पेर आपटायचा आणि आई त्याचा हात धरून खाली ठेवायची. मामांचं तिसरं पत्र आलं. त्यात फक्त दोन ओळी होत्या. जागा आठवडाभर धरून ठेवता येईल.

सोळाव्या दिवशी साहेब ठरल्या वेळी आले. मोजपट्टी आणली होती. दोन्ही बाजूंना पाणी ढोलाच्या कुठवर येतं ते मोजलं, आकडे सारखे आले. तरी त्यांनी तराफा बाहेर काढायला लावला, नट उघडायला लावले आणि दोन्ही ढोल एका टोकाला उचलायला लावले. भाऊ दूर जाऊन उभा राहिला, पाठमोरा. नावाडी आणि मी भोकाशी बसलो. काही आलं नाही. साहेबांनी वाकून आत बोट घातलं, बाहेर काढलं आणि रुमालाला पुसलं. रुमाल कोरडा होता.

नावाड्यानं पेरानं एकदा ठोकलं. आवाज लांबला. भाऊ तेव्हा वळला.

पावसाळ्याच्या तोंडावर काम आलं. चार नाही, दोन. उरलेले पुढच्या वर्षी पाहू असं साहेबांनी सांगितलं. ते पुढचं वर्ष लांबत गेलं, ती वेगळी गोष्ट. दोनवर भावाचं ठरलं. भिलाईला नाही म्हणून कळवणारं कार्ड मी लिहिलं. कारणाच्या जागी त्यानं मला काही लिहू दिलं नाही. येणं होणार नाही, एवढंच.

त्या वर्षी खंडेनवमीला मागाच्या खोलीत चार नवे ढोल घोड्यांवर उपडे होते. आई ताट घेऊन आली. फळ्यांची चळत भिंतीशी लावलेली होती. तिनं वरच्या फळीवर पाच बोटं उमटवली. मग ढोलांपाशी गेली, हात पदराला पुसला, तो कोरडा झाल्याची खात्री करून घेतली आणि पत्र्यापासून चार बोटं वर हात धरून, न टेकवता, नमस्कार केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ढोल गल्लीत आणले तेव्हा भावानं मला थिनर आणि फडकं दिलं. मी सगळे पुसले. माझ्यामागून त्यानं सगळे पुन्हा पुसले.